बिबट्याने न नेलेली मांजर

माझ्या सासूची मांजर बिबट्याने नेली नव्हती. मी नेली होती. युरियाच्या रिकाम्या पोत्यात घालून, मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून, अकरा किलोमीटर. हे लिहायला दोन मिनिटं लागली. बोलायला सतरा दिवस लागले होते. त्या सतरा दिवसांत आमच्या घरामागे दगडांचा एक ढीग उभा राहिला, शाळेची वेळ बदलली आणि सासू गाठोडं बांधून बसली. हे सगळं मरळ मासळीच्या एका मुंडक्यावरून झालं, हेही आत्ताच सांगून टाकतो. म्हणजे मधेच कोणाचा माझ्याबद्दल चांगला समज व्हायला नको.

मी मुलचेरा तालुक्यातल्या एका गावात शाळेचा लिपिक आहे. पन्नाशी ओलांडली. मुलगी नागपूरला शिकते, घरी मी आणि बायको. सासरे गेल्यावर सासूला आमच्याकडे आणायचं ठरलं, पण ती येईना. सासूला मी मामी म्हणतो. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तलावातली मासेमारी. नवरा जाळं टाकायचा आणि ही फाटलेलं जाळं शिवायची. पोरीच्या घरी राहायचं, जवायाचं अन्न खायचं, हे तिच्या लेखी पाप होतं. दोन दिवसांच्या वर ती आमच्याकडे कधी थांबली नव्हती. मग एकदा अंगणात पाय घसरून पडली, महिनाभर खाटेवर राहिली, तेव्हा कुठे कबूल झाली. तेही एका अटीवर.

"माही मांजर येईन तं मी येईन."

आली. मांजरही आली. करड्या रंगाची, पांढऱ्या पायांची, आणि चेहरा असा की आपण अर्ज घेऊन आलोय आणि ती साहेब आहे.

मामी आमच्या घरात पाहुण्यासारखी राहायची. चहात साखर घ्यायची तरी पोरीला विचारायची. मी समोर असलो तर खुर्चीवर बसायची नाही, पदर डोक्यावरून घसरू द्यायची नाही. तिचा मोठा आवाज घरात ऐकू यायचा तो फक्त मांजरीवर ओरडताना. "कुठी गेल्ती व भवाने? दूध कोण पिईन, तुया बाप?" त्या वेळी ती आपल्या घरात असल्यासारखी वाटायची. ही गोष्ट मला आज दिसते. तेव्हा मला फक्त मुंडकं दिसत होतं.

तर मुंडकं. मरळीचा रस्सा केला की मुंडकं जवायाचं, ही सासरची रीत. लग्नाला तेवीस वर्षं झाली. सासरी माझ्या शब्दाला किती वजन होतं ते सोडा, पण मुंडकं माझ्याच ताटात पडायचं. मामी आमच्याकडे राहायला आल्यावरही तिने ती रीत सोडली नाही. त्या रविवारी मी स्वतः तलावावर जाऊन चांगली हातभर मरळ आणली होती. मामीने ती राखेत घोळून साफ केली, लसूण-मिरची वाटून रस्सा केला. मुंडकं माझ्या ताटात आलं. मी पाण्याचा तांब्या घ्यायला वळलो आणि परत वळलो, तर ताटात नुसता रस्सा होता.

मांजर खाटेखाली बसून मुंडकं फोडत होती. मी उठलो, तशी मामी पदराआड हसली.

"जाऊ द्या बापू," ती म्हणाली. "तिचे दात मजबूत हायेत. तुमचं तं कडक चावणं डाक्टरनं तसंही बंदच केलं म्हणते ना?"

बायको एवढी हसली की तिला ठसका लागला. माझ्याच घरात, मीच आणलेली मासळी, आणि हसणाऱ्या दोघी माझ्यावर. मी गंभीर चेहऱ्याने शेपटीचा तुकडा खाल्ला. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं, ते पुढच्याच आठवड्यात मी केलं.

त्या दोघी आलापल्लीकडे एका लग्नाला गेल्या. मी डोकं दुखतं म्हणून थांबलो. मांजर सोडून यायचं शास्त्र आमच्या भागात लहान पोरालाही पाठ असतं. तिला वाट दिसू नये म्हणून पोत्यात घालायचं, वाहतं पाणी ओलांडायचं, आणि पलीकडे गेल्यावर पोत्याला सात गरके द्यायचे, म्हणजे तिला दिशा कळत नाही. मांजरीला हे शास्त्र मान्य नव्हतं. पोत्यात जाईपर्यंत तिने माझ्या दोन्ही हातांवर आपला अभिप्राय लिहिला.

नदीवरचा रपटा, म्हणजे पावसाळ्यात बुडणारा ठेंगणा पूल, मी ओलांडला आणि काठावर पोतं गरगरा फिरवायला लागलो. तेवढ्यात बांधावरून एक शेतकरी आला. विडी ओढत उभा राहिला.

"काय करून राह्यले भाऊ?"

"बेणं घोळून राह्यलो," मी म्हणालो, म्हणजे पेरणीच्या बियाण्याला औषध चोळतोय. हे मला कसं सुचलं, देव जाणे.

पोत्यातून लांबलचक म्याऊ आलं.

शेतकऱ्याने विडीचा झुरका घेतला. "नवीन जातीचं दिसते जी."

"हव," मी म्हणालो. आणि गाडीला किक मारली.

आमच्या तालुक्यात बंगाली लोकांची गावं आहेत. मासे घरोघरी. तिथे मांजर सोडली तर ती सुखात राहील, अशी मी माझी समजूत घातली होती. आपण तिला घालवत नसून तिची बदली चांगल्या जागी करतोय, असं काहीसं. लिपिकाचं डोकं असंच चालतं. त्यातल्या एका गावाच्या बाजारात एक बाई विळीवर रोहू कापत बसली होती. तिच्यामागे जाऊन मी पोत्याचं तोंड सोडलं. मांजर बाहेर आली, अंग झटकलं, माशाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे एकदाही न पाहता त्या बाईच्या शेजारी जाऊन बसली. येताना मी शीळ घालत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

संध्याकाळी दोघी परतल्या. मामीने लग्नातून पुरीच्या तुकड्यात गुंडाळून काहीतरी आणलं होतं. ती मागच्या दारी उभी राहून हाका मारायला लागली. "ये माय, ये. ये वं, ये." बराच वेळ. मी ठरवलं होतं की मला काही माहीत नाही, असंच म्हणायचं. पण मामीने वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बिबट."

शहरात उशीर झाला की लोक गर्दीवर ढकलतात. आमच्याकडे बिबट्या असतो. तो नेहमी जवळच असतो आणि आपली बाजू मांडायला कधी येत नाही. आठ दिवसांआधीच त्याने गावाच्या टोकाचं एक कुत्रं नेलं होतं, त्यामुळे माझ्या खोट्याला पाया तयारच होता.

"कुठून नेली?" बायकोने विचारलं.

"मागं. पळसापाशी."

"आन हे हाताले काय झालं?"

मी हात मागे घेतले, पण उशीर झाला होता. "सोडवायले धावलो," मी म्हणालो. "बोराटीच्या काट्यांत पडलो."

मामी मटकन खाली बसली. मग उठली, हळद-तेल घेऊन आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा जवायाचा हात हातात घेऊन एकेका ओरखड्यावर हळद लावायला लागली. तिच्या मांजरीच्या नखांचे ओरखडे. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"एका मांजरीपायी बिबट्याच्या तोंडात हात घातला, बापू?"

"तोंडात असं नाई," मी म्हणालो. "जवळपास."

खोटं बोलणाऱ्याने नम्रता दाखवू नये. नम्रतेने खोटं पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने मला पळसापाशी नेलं. आमच्या भागात जिथे वाघाने किंवा बिबट्याने जीव नेला, तिथे एक दगड ठेवतात. मग येणारा-जाणारा आपला दगड टाकतो, कोणी डहाळी ठेवतो, आणि वाघदेवाला हात जोडून पुढे जातो. माणसासाठी करतात, बैलासाठी करतात. मांजरीसाठी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

"तुमच्या डोळ्यापुढं गेली ते," मामी म्हणाली. "पयला दगड तुमीच ठेवा."

ठेवला. हाताला हळद होतीच, त्यामुळे दगडालाही लागली आणि तो आपोआप देव दिसायला लागला. मामीने त्यावर मूठभर वाळलेले झिंगे ठेवले, कारण मांजरीला झिंगे आवडायचे.

त्या वाटेने बायका सरपणाला जातात. आठवडाभरात ढीग गुडघ्याएवढा झाला. कोणी शेंदूर लावला, कोणी उदबत्ती खोचली. शेजारच्या काकूने तर बकरीला चरायला सोडायच्या आधी तिथे नेऊन पाया पाडायला सुरुवात केली. बकरी झिंगे हुंगायची आणि शिंकायची.

मग वनरक्षक आला. तरुण, कामाला पक्का. त्याने पळसाभोवतीची माती वाकून वाकून पाहिली.

"ठसे दिसून नाई राह्यले, सर."

"जमीन कडक हाय," मी म्हणालो.

"ओढल्याची खूण?"

"मांजर हलकी होती."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. "गाय, बैल, बकरी असे रकाने हायेत. मांजरीचा रकानाच नाई जी," तो हताशपणे म्हणाला. आणि जाताना सांगून गेला की पोरांना एकटं पाठवू नका, सायंकाळच्या आत घरी आणा.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. शाळा अर्धा तास आधी सोडायची सूचना काढायची होती. ती मीच टाइप केली. 'गावाच्या परिसरात बिबट्याचा वावर आढळून आल्याने.' माझ्या नोकरीत मी पुष्कळ खोटी कागदपत्रं दुरुस्त केली होती. तयार करायची ही पहिलीच वेळ. वर मुख्याध्यापक म्हणाले, "प्रार्थनेच्या वेळी पोरांना दोन शब्द सांगा. प्रसंगावधान या विषयावर." मी सांगितले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका पोरीने विचारलं, "सर, बिबट्या कसा दिसत होता?" मी म्हणालो, "घाबरलेला."

इथवर मला भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटत होती. मजा संपली ती मामीने गाठोडं काढलं तेव्हा.

तिचं मांजरीवर ओरडणं बंद झालं तसा तिचा आवाजच बंद झाला होता. चहा बिनसाखरेचा पिऊ लागली. विचारायला नको म्हणून. एक दिवस बायको स्वयंपाकघरातून डोळे पुसत बाहेर आली.

"आई जातो म्हणते. पुनव झाली का, सकाळच्या बशीनं."

"काऊन?"

"म्हणते, जवायाच्या घरी राह्यली म्हणून झालं. वाघदेवानं मांजर नेऊन सांगतलं, म्हणते, का तू बी जाय. तिथी एकटी कशी राहीन ते? पुन्हा पडली तं कोण पाह्यन?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी थांबवा ना तिले. तुमाले मानते ते. बिबट्याच्या तोंडात हात घातला तुमी तिच्यापायी."

मी एक मांजर घालवायला गेलो होतो, आणि माझा बिबट्या आता तिच्या मालकिणीला घेऊन चालला होता.

मला सोपा उपाय दिसला. मांजर परत आणायची आणि रानात सापडली म्हणायचं. त्याच दुपारी मी बंगाली गावात गेलो. मासे कापणारी बाई तिथेच होती. मी मांजरीचं वर्णन केलं.

"करडी? पाय सफेद?" ती म्हणाली. "ओ तुमचा बिल्ली आहे? एक नंबर चोर आहे दादा! रोज माझा एक मासा. चार दिन झाले, चालला गेला."

"कुठं?"

तिने विळीवर बसल्या बसल्याच हात जंगलाकडे केला.

परत येताना रपट्यावर मी गाडी थांबवली. पलीकडे सागाचं रान होतं, आणि त्या रानात खरा बिबट्या होता. ही मांजर चार दिवसांपासून त्यात एकटी फिरत होती. माझं खोटं आता माझ्यामागे खरं व्हायला निघालं होतं. मी काठावर उतरून "ये माय, ये" अशा हाका मारल्या. बांधावर तोच शेतकरी उभा होता.

"बेणं सांडलं काय जी?" त्याने विचारलं.

पुनव झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आंघोळ करून, नऊवारी नेसून तयार झाली. गाठोडं दाराशी. निघण्याआधी ती पळसापाशी शेवटचा दगड ठेवायला गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली. मी आणि बायको धावलो. शेजारची काकू बकरीसकट धावली.

ढिगावर मांजर बसली होती. हाडं वर आलेली, एक कान फाटलेला, पांढरे पाय चिखलाने काळे. आपल्याच नावाने वाहिलेले झिंगे ती एकेक करून खात होती. शेंदराचा ठिपका तिच्या नाकाला लागला होता.

काकूने बकरी सोडून हात जोडले. "बिबट्याच्या जबड्यातून आली! देवीच व्हय हे, देवी!"

मला वाटलं, सुटलो. खोटं तसंच राहील, मांजर आली, मामी थांबेल. मी मोठ्याने म्हणालो, "झालं मामी! आता कायले जाता?"

मामीने मांजरीला उचलून छातीशी धरलं. "मले न्यायले आली ते, बापू," ती म्हणाली. "देवानं धाडलं. आता तं थांबूच नाई शकत." आणि मांजर काखेत धरूनच ती माझ्यासमोर आली. "माह्यासाठी जीव धोक्यात घातला तुमी. असा जवाई कोणाले भेटन?" आणि वाकली. माझ्या पायांना हात लावायला.

मी दचकून मागे सरलो. टाच ढिगाला लागली, दगड सरकले आणि मी त्यांच्यासकट धाडकन खाली बसलो. उदबत्ती मोडली. तसाच बसून मी म्हणालो, "मामी, बिबट्या मीच होतो."

काकू म्हणाली, "आँ?"

मग मी सगळं सांगितलं. पोतं, रपटा, बाजार, सगळं. सांगताना शेवटपर्यंत मला आशा होती की मधेच कोणीतरी थांबवेल. कोणी थांबवलं नाही.

"मुंडक्यापायी?" बायको म्हणाली. एवढंच. पण त्या एका शब्दात तिने तेवीस वर्षांचा संसार तपासून पाहिला.

मामीने मांजरीच्या फाटलेल्या कानावरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "पोतं कायचं होतं?"

"युरियाचं."

"झटकलं होतं?"

"हव. धुतलं बी होतं."

"गरके किती देल्ले?"

"सात."

"कोणीकडून?"

मी बसल्या बसल्या हात फिरवून दाखवला. उजवीकडून.

"मंग येणारच होती," मामी म्हणाली. "डावीकडून द्या लागते. तुमच्या सासऱ्यानं तीन सोडल्या, एक बी वापस नाई आली." काकूने मान डोलावली, जणू हे सगळ्यांनाच माहीत होतं आणि शिकला-सवरलेला मी एकटाच चुकलो होतो.

मग मामीचा आवाज उतरला. "म्हंजे देवानं मले जा म्हणून नाई सांगतलं?"

"नाई मामी."

"मंग कोणी सांगतलं?"

"कोणीच नाई सांगतलं. मी बी नाई सांगतलं. मले फक्त मुंडकं पाह्यजे होतं." हे बोलताना मला माझी जी लाज वाटली, तशी लाज पोतं बांधताना वाटली असती तर फार बरं झालं असतं. "माफ करा मामी."

"मले कायले म्हणता?" ती कडाडली. तो आवाज मी सतरा दिवसांनी ऐकत होतो, आणि पहिल्यांदाच तो मांजरीवर नव्हता. "पोत्यात मी होती का? जिले कोंबलं तिले म्हणा!"

तिने मांजर खाली सोडली. मांजर परत ढिगावर चढली आणि उरलेल्या झिंग्यांकडे वळली. बस वरच्या रस्त्यावर थांबून हॉर्न वाजवत होती; मामीने तिकडे पाहिलं नाही. ती बायकोच्या शेजारी उभी होती, दोन्ही हात कमरेवर, पदर खांद्यावर आलेला.

मी गुडघ्यांवर आलो, मांजरीपुढे हात जोडले. तोंड मांजरीकडे होतं, पण आवाज मामीपर्यंत जाईल एवढा काढला.

"चुकलो माय," मी म्हणालो. "मुंडकं तुहं. घर बी तुहंच हाय. माफ कर, आन जाऊ नको."